विनोदी प्रेमपटांतील प्रतिनिधित्व आणि खानदेश

विनोदी प्रेमपटांतील प्रतिनिधित्व या विषयात, प्रेम व विनोद यांवर आधारलेल्या चित्रपटांमध्ये कोणत्या प्रदेशाची, धर्माची, जातीची, वर्गाची व बोलीची माणसे दिसतात आणि त्यांना कथेत कोणते स्थान मिळते, याचा विचार केला जातो. प्रस्तुत लेखात इ.स. १९३८ ते १९७१ या काळातील मराठी चित्रपट, त्याच काळात मुंबईत निर्माण झालेले काही हिंदी चित्रपट आणि त्यांच्या संदर्भात जळगाव व धुळे जिल्ह्यांचा खानदेश यांचा आढावा घेतला आहे. या चित्रपटांच्या निर्मितीत अनेक धर्मांचे व भाषांचे कलावंत सहभागी होते. पडद्यावरील नायक-नायिका मात्र बहुतांशी शहरी, प्रमाण भाषा बोलणाऱ्या हिंदू मध्यमवर्गातील असत. इतर समाजांतील पात्रे प्रामुख्याने नायकाचा मित्र, शेजारी, घरमालकीण, नोकर किंवा नर्तकी अशा दुय्यम भूमिकांत आढळतात. खानदेशाची भाषा या काळात मराठी पडद्यावर आली ती मुख्यतः गीतांच्या रूपाने.

पार्श्वभूमी

पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' इ.स. १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत मराठी चित्रपटनिर्मिती कोल्हापूर, पुणे आणि मुंबई या तीन शहरांत केंद्रित झाली. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ मध्ये कोल्हापुरात झाली व १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. हंस पिक्चर्स कोल्हापुरात कार्यरत होती. अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी तयार केले जात. मूकपटात नट कोणत्या प्रदेशाचा आहे हे प्रेक्षकाला कळत नसे. बोलपटात उच्चार हा पात्राच्या ओळखीचाच भाग बनला. संगीत रंगभूमीवरून आलेले नट आणि पुण्या-मुंबईचे लेखक यांच्यामुळे प्रमाण मराठी ही पडद्यावरील सुशिक्षित प्रेमिकांची स्वाभाविक भाषा ठरली. बोलीभाषा बहुधा गडी, स्वयंपाकी, हवालदार किंवा खेडवळ पाहुणा यांच्या तोंडी घातली जाई.

खानदेशात चित्रपटनिर्मितीचे असे केंद्र उभे राहिले नाही. ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश (मुख्यालय जळगाव) व पश्चिम खानदेश (मुख्यालय धुळे) असे विभाजन झाले. पुढे हेच जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निर्माण झाला.

खानदेशातील भाषा व समाज

खानदेशाच्या पश्चिम व मध्य भागात आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण व मालेगाव परिसरात अहिराणी बोलली जाते. पूर्वेकडे यावल, रावेर व भुसावळ या भागांत लेवा गणबोली प्रचलित आहे. सातपुड्यात भिल्ली व पावरी या भाषा, तर गावोगावी गुजर, बंजारा, तडवी भिल्ल, मुस्लिम आणि मारवाडी समाजांच्या भाषा व बोली ऐकू येतात. रेल्वेमुळे वाढलेल्या भुसावळात अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती कुटुंबेही वसली होती.

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात खानदेशीचा समावेश भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडात करण्यात आला. अहिराणीत षष्ठीसाठी 'चा-ची-चे' ऐवजी 'ना-नी-नं' हे प्रत्यय येतात आणि 'मला, तुला' या अर्थी 'मले, तुले' अशी रूपे वापरली जातात. मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, याविषयी मतभेद असले तरी जनगणनेत 'खानदेशी' ही स्वतंत्रपणे नोंदली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या भाषकांची संख्या सुमारे १८.६ लाख होती.

मराठी विनोदी प्रेमपट

मास्टर विनायक दिग्दर्शित 'ब्रह्मचारी' (१९३८) हा मराठीतील सुरुवातीच्या प्रमुख विनोदी प्रेमपटांपैकी एक होय. प्र.के. अत्रे यांनी लिहिलेल्या या चित्रपटात एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा करणाऱ्या औदुंबर या तरुणाची भूमिका स्वतः विनायक यांनी केली. किशोरीच्या भूमिकेतील मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या पोशाखात केलेल्या गीतप्रसंगामुळे मोठी चर्चा झाली. प्रेमात पुढाकार घेणारी स्त्री हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे. तिची निर्भयता हा विनोदाचा विषय होत नाही. विनोद होतो तो तिच्यापासून पळणाऱ्या पुरुषाच्या ढोंगाचा.

'लग्न पहावे करून' (१९४०) हा चित्रपट चिं.वि. जोशी यांच्या चिमणराव व गुंड्याभाऊ या पात्रांवर आधारित होता. दामूअण्णा मालवणकर यांनी चिमणरावांची, तर विष्णुपंत जोग यांनी गुंड्याभाऊंची भूमिका केली. मुलीचे लग्न जमवताना येणाऱ्या अडचणी हा त्याचा विषय होता. विवाहव्यवस्थेवर हसणारा हा चित्रपट पुण्यातील पांढरपेशा ब्राह्मण कुटुंबाच्या चौकटीतच घडतो. स्वजातीबाहेर लग्न करण्याची शक्यता तेथे कथेचा प्रश्न बनत नाही.

राजा परांजपे दिग्दर्शित 'लाखाची गोष्ट' (१९५२) मध्ये प्रेमाच्या आड येते ती श्रीमंती. ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याच्या अटीभोवती त्याचे कथानक फिरते. ग.दि. माडगूळकर यांचे लेखन, सुधीर फडके यांचे संगीत आणि राजा गोसावी यांचा अभिनय यांमुळे हा चित्रपट लोकप्रिय झाला. कुसुम व कुमुद सुखटणकर या भगिनींनी अनुक्रमे चित्रा व रेखा या पडद्यावरील नावांनी यात काम केले. १९७० च्या 'मुंबईचा जावई' मध्ये नवविवाहित जोडप्याला मुंबईतील अपुऱ्या जागेत एकांत मिळत नाही, या अडचणीतून विनोद निर्माण होतो. याच कथेवरून बासू चटर्जी यांनी हिंदीत 'पिया का घर' (१९७२) काढला.

या चित्रपटांत प्रेमिकांमधील अंतर पैशाचे, घराच्या आकाराचे किंवा स्वभावाचे आहे. असे अंतर तासा-दोन तासांच्या कथेत मिटवता येते: गरीब नायकाला पैसा मिळतो, श्रीमंत बाप वरमतो किंवा गैरसमज दूर होतो. जात किंवा धर्म यांचे अंतर अशा योगायोगाने मिटत नाही. त्यामुळे सुखान्ताची अपेक्षा असलेल्या या प्रकाराने ते बहुधा टाळले.

कलावंतांची विविधता

पडद्यामागील चित्र याहून वेगळे होते. याचे एक ठळक उदाहरण म्हणजे नवयुग चित्रपट कंपनीचा 'पहिली मंगळागौर' (१९४२). नवविवाहितेच्या पारंपरिक व्रतावरून नाव घेतलेल्या या विनोदी चित्रपटात स्नेहप्रभा प्रधान नायिका, तर शाहू मोडक नायक होते. अहमदनगरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले मोडक कृष्णाच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध होते. प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये त्यांनीच ज्ञानेश्वरांची भूमिका केली होती.

याच चित्रपटात लता मंगेशकर यांनी छोटी भूमिका केली व गीतही गायले. त्यांचे वडील दीनानाथ मंगेशकर यांचे एप्रिल १९४२ मध्ये निधन झाले होते आणि कुटुंबाची जबाबदारी त्यांच्यावर आली होती. लता यांच्या आई शेवंती (सुधामती) या धुळे जिल्ह्यातील तापीकाठच्या थाळनेर येथील गुजराती लाड कुटुंबातील होत्या. गोव्याचे पितृकुल, खानदेशातील गुजराती आजोळ आणि सांगलीतील बालपण असा त्यांचा वारसा होता. ज्या चित्रपटाच्या कथेत एकाच सांस्कृतिक जगाचे चित्रण होते, त्याच्या कलावंतांत मराठी ख्रिस्ती नायक आणि अशा मिश्र भाषिक घरातील गायिका होती.

हिंदी चित्रपटांत हा विरोधाभास अधिक व्यापक होता. मुमताज जहाँ देहलवी 'मधुबाला' या नावाने आणि बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी 'जॉनी वॉकर' या नावाने प्रसिद्ध झाले. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातील डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे लोकप्रिय चरित्र अभिनेते होते. 'बूट पॉलिश' (१९५४) मध्ये त्यांनी जॉन चाचांची भूमिका केली. नाशिक जिल्ह्यातील येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार यांनी 'अनाडी' (१९५९) मध्ये मिसेस डिसा ही कडक पण प्रेमळ ख्रिस्ती घरमालकीण रंगवली व त्यासाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. कलावंत एका समाजाचा व पात्र दुसऱ्या समाजाचे, हे सर्रास घडत असे. त्यातून अभिनयाचे स्वातंत्र्य दिसते. पण त्याच कलावंतांच्या समाजातील माणसे कथेच्या केंद्रस्थानी येत असतच असे नाही.

हिंदी चित्रपटांतील दुय्यम पात्रे

गुरुदत्त दिग्दर्शित 'मिस्टर अँड मिसेस ५५' (१९५५) मध्ये वारसा मिळवण्यासाठी ठरलेल्या मुदतीत लग्न करणे भाग असलेली अनिता (मधुबाला) आणि बेकार व्यंगचित्रकार प्रीतम (गुरुदत्त) यांचा करारापुरता विवाह होतो. जॉनी वॉकर यांनी साकारलेला नायकाचा मित्र जॉनी आणि कचेरीतील ज्युली यांची उपकथा हलक्याफुलक्या प्रेमाची आहे. ख्रिस्ती वळणाच्या नावांच्या या जोडीला कुटुंब, परंपरा किंवा वारसा यांची अडचण भासत नाही; मात्र मुख्य कथेचे वजनही तिला मिळत नाही.

चेतन आनंद यांच्या 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४) मध्ये क्लबमध्ये गाणारी सिल्वी (शीला रमाणी) नायकावर प्रेम करते, पण नायक शेवटी माला या नायिकेचा स्वीकार करतो. 'पडोसन' (१९६८) मध्ये मेहमूद यांनी उभा केलेला दाक्षिणात्य संगीतशिक्षक मास्टर पिल्लै हा नायकाचा प्रतिस्पर्धी आहे. त्याचे संगीतज्ञान कथेत मान्य असले तरी त्याचे उच्चार, पोशाख व हावभाव हास्यासाठी वापरले आहेत आणि नायिका त्याला मिळत नाही. प्रतिस्पर्ध्याला वेगळ्या भाषेचा दाखवले की त्याच्या पराभवावर हसणे प्रेक्षकाला सोपे जाते, ही युक्ती पुढील अनेक विनोदी चित्रपटांत दिसते.

काही अपवादही आढळतात. भगवान पालव ऊर्फ भगवान दादा यांच्या 'अलबेला' (१९५१) मधील नायक रंगभूमीवर जाण्याचे स्वप्न पाहणारा निम्न मध्यमवर्गीय तरुण आहे. अमरावतीत जन्मलेले व गिरणी कामगाराच्या घरात वाढलेले भगवान दादा रूढ अर्थाने देखणे नायक नव्हते, तरीही गीता बाली यांच्यासोबतची त्यांची जोडी प्रेक्षकांनी स्वीकारली. 'चलती का नाम गाडी' (१९५८) मध्ये नायक मोटारदुरुस्तीचे काम करतो. या चित्रपटाचे नायक किशोर कुमार खानदेशाला लागून असलेल्या निमाडातील खंडव्याचे होते.

स्त्री, जात आणि कायदा

या चित्रपटांचा काळ विवाहविषयक कायद्यांतील मोठ्या बदलांचा होता. हिंदू संहिता विधेयक पुढे सरकत नसल्याने कायदामंत्री बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. विशेष विवाह कायदा १९५४ मध्ये संमत झाला व त्याने धर्मांतर न करता आंतरधर्मीय नोंदणी विवाहाचा मार्ग दिला. हिंदू विवाह कायदा मे १९५५ मध्ये लागू झाला. त्यात एकपत्नीत्व बंधनकारक करून घटस्फोटाची तरतूद करण्यात आली.

'मिस्टर अँड मिसेस ५५' हा या चर्चेला थेट स्पर्श करणारा विनोदी चित्रपट आहे. तथापि त्यात घटस्फोटाच्या हक्काचा पुरस्कार करणारी सीतादेवी (ललिता पवार) ही पुरुषद्वेष्टी व हास्यास्पद दाखवली असून, संसारात रमलेली खेड्यातील गृहिणी आदर्श म्हणून पुढे येते. कायद्याने स्त्रीला दिलेला पर्याय विनोदी चित्रपटाने संशयाने पाहिला. आंतरधर्मीय विवाहाचा पर्याय तर या प्रकारातील मुख्य जोड्यांच्या कथांत सहसा आलाच नाही.

जात व धर्म यांचे प्रश्न गंभीर चित्रपटांकडे सोपवले गेले. 'अछूत कन्या' (१९३६) मधील ब्राह्मण तरुण व दलित तरुणी यांच्या प्रेमाचा शेवट शोकान्त आहे. बिमल रॉय यांच्या 'सुजाता' (१९५९) मध्ये दलित नायिकेचा स्वीकार होतो, पण तिच्या त्यागाची परीक्षा पाहिल्यानंतर. व्ही. शांताराम यांच्या 'शेजारी' (१९४१) मध्ये हिंदू-मुस्लिम सलोखा हा विषय आहे, मात्र तो दोन वृद्ध मित्रांच्या नात्यातून मांडला आहे. या वाटणीचा परिणाम असा की, वंचित समाजातील पात्रांना पडद्यावर दुःख भोगण्याचा अधिकार मिळाला. प्रेमात पडून, चुका करून, हसत-खेळत सुखी होण्याचा अधिकार क्वचितच मिळाला.

खानदेशी बोली आणि पडदा

'ब्रह्मचारी'चे लेखक अत्रे यांचा खानदेशी भाषेशी महत्त्वाचा संबंध पुढे आला. जळगावजवळच्या असोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी रचलेल्या ओव्या व कविता त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी आणि एका आप्ताने टिपून ठेवल्या होत्या. बहिणाबाईंच्या निधनानंतर त्या अत्रे यांच्या पाहण्यात आल्या आणि त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह १९५२ मध्ये प्रकाशित झाला. शेती, संसार, माहेर-सासर आणि माणसाचे मन यांवरील या रचनांत नर्मविनोदही आहे. त्यांची भाषा सामान्यतः खानदेशी म्हणून ओळखली जात असली तरी ती विशेषतः लेवा गणबोली आहे.

अनंत माने दिग्दर्शित 'मानिनी' (१९६१) या चित्रपटात बहिणाबाईंच्या रचना वसंत पवार यांच्या संगीतात घेण्यात आल्या व सुमन कल्याणपूर यांच्या स्वरात त्या महाराष्ट्रभर पोहोचल्या. हा चित्रपट विनोदी नव्हता व त्याची मूळ कथा गोमंतकीय लेखक महादेवशास्त्री जोशी यांची होती. खानदेशी शब्दांना गीतात प्रतिष्ठा मिळाली, परंतु ते शब्द बोलणारे नायक-नायिका विनोदी प्रेमपटाने उभे केले नाहीत. या लेखात उल्लेखिलेल्या १९३८ ते १९७१ मधील कोणत्याही विनोदी चित्रपटाचे मुख्य जोडपे अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणारे नाही.

साहित्यात याच काळात वेगळी वाट दिसते. यावल तालुक्यातील सांगवी येथे जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीत खानदेशातून पुण्यास शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा नायक आहे. शहरी जगाकडे तो उपहासाने पाहतो. पांढरपेशा विनोदात खेड्यातून आलेला माणूस हसण्याचा विषय असे. येथे हसणारा तो आहे.

इतर देशांशी तुलना

अमेरिकेत १९३० मध्ये तयार झालेली व १९३४ पासून कठोरपणे लागू केलेली हॉलिवूडची निर्मितीसंहिता गौरवर्णीय व कृष्णवर्णीय यांच्यातील प्रेमसंबंध दाखवण्यास मनाई करीत असे. ही मनाई १९५६ च्या सुधारणेत वगळण्यात आली. आंतरवंशीय विवाहावरील राज्यांचे निर्बंध तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून १९६७ मध्ये रद्द ठरवले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आंतरवंशीय विवाहावरील 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा विनोदाची झाक असलेला चित्रपट प्रदर्शित झाला. 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' (१९६१) मध्ये गोऱ्या नटाने वठवलेला जपानी शेजारी हा पुढे वांशिक साचेबंदपणाचे उदाहरण म्हणून टीकेचा विषय झाला. त्याची तुलना 'पडोसन' मधील मास्टर पिल्लैशी करता येते.

भारतात आंतरजातीय प्रेम दाखवण्यास अशी लेखी मनाई नव्हती. येथे मर्यादा आली ती कथानकाच्या रूढ साच्यातून, निर्मितीकेंद्रांच्या भूगोलातून आणि शक्य तितक्या मोठ्या प्रेक्षकवर्गाला कळेल अशा भाषेच्या आग्रहातून.

नंतरचा काळ

दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या' (१९७१) ने मराठी विनोदी चित्रपटाच्या केंद्रस्थानी तमाशाच्या नादी लागलेला खेडवळ, भोळा तरुण आणला. गावंढळ बोलणारा माणूस नायक म्हणून मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय झाला, तरी त्याची भाषा पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची होती. जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' (१९७७) मध्ये ठाकर आदिवासी समाजातील प्रेमकथा मुख्य कथा झाली. त्याची गीते खानदेशाच्या सीमेवरील पळसखेडे येथील कवी ना.धों. महानोर यांची होती. नायिका स्मिता पाटील यांचे घराणे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे होते.

ऐतिहासिक खानदेशाच्या कडेला असलेल्या मालेगावात 'मालेगाव के शोले' (२०००) पासून स्थानिकांनी गाजलेल्या हिंदी चित्रपटांची विडंबने अल्प खर्चात तयार केली. यंत्रमागाच्या या शहरातील हौशी कलावंतांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट निघाला. त्यांच्या संवादांत परिसरातील बोलण्याची ढब उतरली. अलीकडच्या काळात अहिराणी गीते व विनोदी प्रसंग यांच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर मोठ्या संख्येने पाहिल्या जातात. त्यांत प्रेम करणारे तरुण-तरुणी आपल्याच बोलीत थट्टा करतात, रुसतात व लग्नाच्या गोष्टी बोलतात.

जळगाव येथील उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले.